मथळे एकाचे, ओळी दुसऱ्याच्या

“आज संध्याकाळी घरी येईन तो कायम होऊनच!” दाढी करता करता चुळबुळ्याने आरशातूनच बायकोला सांगितलं. सांगण्याच्या भरात एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेला. मग तो जमवायला त्याने दुसरा वर घेतला. मग पुन्हा पहिला. दोन्ही कल्ले साफ नाहीसे झाले तेव्हा कुठे त्याचा हात थांबला!

खरं नाव त्याला होतं, पण ते नेमणुकीच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ऑफिसात सगळे त्याला चुळबुळ्या म्हणत. कारण या माणसाला एक गोष्ट एकदा करून गप्प बसणं म्हणून कधी जमलं नाही. भिंतीवरचं घड्याळ तिरकं दिसलं की हा स्टुलावर चढणार, घड्याळ सरळ करणार, मग त्याला भिंत तिरकी वाटायला लागणार!

“अहो, आधी तोंड पुसा,” बायको म्हणाली. “आणि ऐका, शेजारच्या वहिनींना मी सांगून टाकलंय.”

“काय सांगितलंस?”

“तुम्ही कायम झालात म्हणून.”

“अगं, पण अजून व्हायचंय ना!”

“मग व्हा की आज. माझ्या बहिणीलाही सांगितलंय. आणि बाबांना तर आल्या आल्याच सांगितलं.”

बाबा म्हणजे त्याचे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. चार दिवस लेकीकडे राहायला आले होते आणि बाहेरच्या खोलीत बसून जावयाच्या घरातल्या चुका मनातल्या मनात लाल शाईने खुणावत होते.

“जावईबापू,” ते बाहेरून म्हणाले, “काल तुमच्या कंपनीच्या बसमध्ये माझी छत्री राहिली. काळी, मुठीला पांढरा दोरा. दुपारी येतो न्यायला. त्या निमित्ताने तुमची कायमची खुर्चीही बघतो.”

चुळबुळ्याने घाईघाईने तोंड पुसलं. बसकंपनीच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कार्यालयात तो कितीतरी वर्षं तात्पुरता होता. दरवर्षी मुदत संपत आली की झोप उडायची, मुदत वाढली की पुन्हा लागायची. या वर्षी मात्र साहेबांनी शब्द दिला होता. त्याला ती नोकरी मनापासून हवी होती, आणि त्याहूनही जास्त, सासऱ्यांसमोर एकदा ताठ मानेने बसायचं होतं!

आता हे कार्यालय कसं, ते सांगितलं पाहिजे. खाली काउंटर. काउंटरमागे गोदाम. गोदामात बसमधून विसरलेलं सगळं जग: टोप्या, डबे, एका पायाचा बूट, कुबडी, तुतारी, आणि एका बरणीत वरच्या दातांची कवळी. कुबडी विसरून माणूस बसमधून उतरला कसा, यावर तिथे रोज चर्चा व्हायची. वर साहेबांची केबिन, आणि केबिनला लागून चुळबुळ्याची खोली. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये डेटाबेस. त्यात दोन तक्ते. एकात सापडलेल्या वस्तू, दुसऱ्यात कर्मचारी.

आधीचा माणूस आळशी होता. त्याने दोन्ही तक्त्यांतल्या रकान्यांना तीच नावं देऊन ठेवली होती: नाव, जागा, स्थिती, संपर्क, शेरा. वस्तूलाही नाव आणि साहेबांनाही नाव! शिवाय मशीन इतकं जुनं, की डेटाबेसशी जोडणी व्हायला निम्मी सकाळ जायची. म्हणून तक्ते मागवायची पडद्यावरची काळी चौकट एकदा जोडली की कुणी बंद करायची नाही असा साहेबांचा सक्त हुकूम होता. मॉनिटरवर चिठ्ठीच चिकटवलेली: ‘चौकट बंद करणाऱ्याचा पगार कापला जाईल.’

सकाळी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“मोठ्या बाई आज येतायत. मुख्य कार्यालयातून. दोन कागद हवेत, वस्तूंचा एक आणि कर्मचाऱ्यांचा एक. आणि मथळे! मथळे नीट पाहिजेत!”

“हो साहेब.”

“हो नाही! गेल्या वर्षी काय झालं, आठवतंय ना?”

आठवत नसेल कसं! मोठ्या बाईंना वेळ नसतो. गाडी खाली चालू ठेवूनच त्या वर येतात. कागदावरचे फक्त मथळे वाचतात, खालच्या ओळींना हातही लावत नाहीत, आणि त्या त्या मथळ्याचा ठरलेला शेरा मारून सही करतात. गेल्या वर्षी रकाना अरुंद पडला आणि मथळा मध्येच चिरला गेला. कागदावर आलं, ‘नोकरीचा प्र’. बाईंनी विचारलं, “प्र म्हणजे काय?” साहेबांना काही सुचेना. दोन्ही कागद परत आले, आणि चुळबुळ्याचं कायम होणं त्या अर्ध्या अक्षरापाशी लटकलं ते वर्षभर!

“साहेब, चहा थंड व्हायच्या आत करतो!” चुळबुळ्या म्हणाला.

त्याने केलंही. मथळा कसा द्यायचा, रुंदी कशी ठरवायची, लांब मथळ्यात मध्ये उभी दांडी टाकून तो दोन ओळींत कसा बसवायचा, हे सगळं तो रात्री पाठ करून आला होता. नावाच्या डोक्यावर दिलं ‘सापडलेली वस्तू’. जागेच्या डोक्यावर ‘कुठे पडली होती’. स्थितीवर ‘कितपत मोडकी’. संपर्कावर ‘मालक’. आणि शेऱ्यावर, बाईंना आवडेल म्हणून, खास ठेवणीतला शब्द: ‘विल्हेवाट’!

एंटर दाबलं. पडद्यावर तक्ता उभा राहिला. एक अक्षर तुटलेलं नाही! ‘सापडलेली वस्तू: कवळी, वरची. कुठे पडली होती: मागच्या सीटखाली. कितपत मोडकी: एक दात कमी. मालक: आला नाही.’ चुळबुळ्याला स्वतःचाच हेवा वाटला. शहाण्या माणसाने तेव्हाच छापून मोकळं व्हायचं! पण ‘मालक’ त्याला जरा डावीकडे वाटला. त्याने तो उजवीकडे सरकवला. मग ‘विल्हेवाट’ दाटीवाटीने बसल्यासारखी दिसायला लागली. तिला जागा दिली तर ‘मोडकी’ आक्रसली. तो खुर्चीतून उठला, लांबून बघितलं, पुन्हा बसला, पुन्हा उठला. चहावर साय धरली.

“अरे, बाई निघाल्या तिथून!” साहेब दारातून ओरडले. “कर्मचाऱ्यांचा कागद आधी काढ! मी गेटवर जातो!”

त्याने घाईघाईने त्याच काळ्या चौकटीत कर्मचाऱ्यांचा तक्ता मागवला आणि थेट प्रिंटरला धाडला. पडद्याकडे बघितलंच नाही, कारण तेवढ्यात त्याला टेबलाखाली एक टाचणी दिसली होती, आणि ती उचलल्याशिवाय त्याला पुढचं काही सुचणार नव्हतं.

एकदा दिलेले मथळे चौकट बंद करेपर्यंत तिच्या डोक्यातून जात नाहीत. रकान्याचं नाव ओळखीचं दिसलं की ती आपला जुना मथळा त्याच्या डोक्यावर चढवते, मग खाली बूट असो की साहेब! रात्रीच्या पाठांतरात एवढं एकच पान राहून गेलं होतं.

प्रिंटर खाली काउंटरवर. चुळबुळ्या टाचणी घेऊन टेबलाखालून बाहेर येतोय न येतोय, तोच जिना दणाणला. पुढे काउंटरवाल्या ताई, मागे धापा टाकत गोदामवाले काका.

“हे काय आहे?” ताईंनी कागद त्याच्या नाकाला लावला.

“कर्मचाऱ्यांचा कागद. छान आलाय ना?”

“छान? वाच! मोठ्याने वाच!”

“सापडलेली वस्तू...” चुळबुळ्याने वाचलं, आणि खाली ताईंचं संपूर्ण नाव होतं. “कुठे पडली होती: तळमजला, काउंटर. कितपत मोडकी: का... कायम.”

“मी कायमची मोडकी?”

“ताई, ते तुमच्या नोकरीचं आहे हो! नोकरी कायम!”

“आणि पुढे? मालक! मालकाखाली काय लिहिलंय? रिकामं! लग्न केलं नाही म्हणून मला बेवारस ठरवलंस? आणि विल्हेवाट: बदली मागितली आहे!”

“मागितली होती ना तुम्ही?”

“बदली मागितली होती, विल्हेवाट नाही!”

काकांनी आता ताईंच्या खांद्यावरून बोट पुढे काढलं. काका चार महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि तोवर गोदामातल्या सापडलेल्या गाद्यांवर दुपारची डुलकी काढणं हे त्यांचं एकमेव सुख होतं.

“माझं वाच. कुठे पडली होती: गोदाम, मागची बाजू.” त्यांनी त्या ओळीवर बोट आपटलं. “मी मागे पडलेला असतो हे वरपर्यंत पोचवलंस?”

“काका, ती तुमच्या नेमणुकीची जागा आहे!”

“आणि मालक: पत्नी! हे कुणी सांगितलं? घरातली गोष्ट ऑफिसच्या कागदावर?”

“अडीअडचणीला कुणाला कळवायचं, तो रकाना आहे काका तो!”

“ते मला माहीत आहे रे,” काका खुर्चीत बसले. “पण खरं असलं म्हणून काय छापायचं?”

चुळबुळ्याने स्वतःची ओळ हळूच शोधली. ‘कितपत मोडकी: तात्पुरती. मालक: पत्नी. विल्हेवाट: साहेबांच्या मर्जीवर.’ त्याला दरदरून घाम फुटला. हा कागद साहेबांच्या हाती पडला, तर साहेबांची मर्जी कुठल्या दिशेला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“ताई, काका, पाया पडतो. लगेच दुसरा काढतो. तो फाडून टाका!”

“फाडते की,” ताई म्हणाल्या. “पण आधी साहेबांची ओळ पुन्हा एकदा वाचते. ‘विल्हेवाट: पुढच्या वर्षी निवृत्ती.’ हे मात्र झकास आहे हो!” आणि दोघंही कागद घेऊन, हसू दाबत, खाली गेली. साहेबांच्या ओळीने त्यांचा अर्धा राग उतरला होता.

चुळबुळ्या खुर्चीवर कोसळला आणि लगेच ताठ बसला. चूक आता त्याच्या ध्यानात आली होती! नवे मथळे दिले की जुने आपोआप पुसले जातात. तेव्हा नावावर ‘कर्मचारी’. जागेवर ‘नेमणुकीचे ठिकाण’. स्थितीवर, मध्ये दांडी टाकून, ‘नोकरीचा प्रकार’. संपर्कावर ‘घरचा माणूस’. शेऱ्यावर ‘शिफारस’. बोटं सरासर चालली. आता फक्त कर्मचाऱ्यांचा तक्ता मागवायचा आणि...

“चुळबुळ्याऽऽ!” खालून ताईंची हाक आली. “तुझे सासरे आलेत! काळी छत्री म्हणतायत! गोदामात छत्र्यांचा डोंगर आहे, कुठे ठेवलीय कळत नाही! वस्तूंचा ताजा कागद धाड, लवकर!”

सासरे! चुळबुळ्याच्या हाताने डोक्याला न विचारता वस्तूंचा तक्ता मागवला, प्रिंटरला धाडला, आणि पायांनी जिन्याकडे धाव घेतली. धावता धावता त्याने भांग सरळ केला, शर्ट खोचला, आणि जिन्यातलं कॅलेंडर तिरकं होतं तेही नीट केलं.

खाली सासरे काउंटरशी उभे होते आणि काउंटरवर साचलेली धूळ बोटाने तपासत होते.

“या बाबा, बसा ना!”

“कुठे बसू? तुमच्या कायमच्या खुर्चीवर?”

“ती वर आहे. म्हणजे, होईल आज.”

“होईल म्हणजे? मुलगी तर म्हणाली झालात!”

चुळबुळ्या तोंड उघडणार, तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि साहेब आत घुसले. त्यांच्या मागे मोठ्या बाई, चालता चालता फोनवर बोलत तडक जिना चढून गेल्यासुद्धा! बाहेर गाडीचं इंजिन घुरघुरत होतं.

“कागद! कागद कुठेत?” साहेब कुजबुजत ओरडले. प्रिंटरमधून नुकताच निघालेला गरम कागद त्यांनी ओढला. “कर्मचारी, नेमणुकीचे ठिकाण, नोकरीचा प्रकार... वा! एक अक्षर तुटलं नाही! आणि वस्तूंचा?” त्यांची नजर काउंटरवर पडली. “सापडलेली वस्तू, कुठे पडली होती... शाब्बास रे पठ्ठ्या!” आणि दोन्ही कागद घेऊन ते एका दमात वर!

चुळबुळ्या हसला. सासऱ्यांकडे बघून जरा कॉलरही ताठ केली. “बघितलंत बाबा? साहेब म्हणाले शाब...”

आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं. दोन कागद? कर्मचाऱ्यांचा बरोबर कागद तर अजून छापायचाच होता! मग साहेबांनी नेलं काय? प्रिंटरमधून आत्ता निघाला तो वस्तूंचा. त्याच्यावर मथळे... कर्मचाऱ्यांचे! आणि काउंटरवर पडलेला तो...

“ताई! तो फाडला नाहीत?”

“फाडणारच होते,” ताई म्हणाल्या. “काका म्हणाले, साहेबांची ओळ तेवढी लिहून घेऊ.”

चुळबुळ्या जिना कसा चढला ते त्यालाही सांगता येणार नाही. तो पोचला तेव्हा मोठ्या बाईंचं पेन पहिल्या कागदावरून उचललं जात होतं.

“बाई! थांबा! बाई, ते उलटंपालटं...”

“हे कोण?” बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“आमचा तो... तात्पुरता,” साहेब म्हणाले.

“बाई, मथळे चुकलेत!”

“मथळे चुकलेत?” बाईंनी दोन्ही कागद उंच धरले. “मला तर एकही मथळा तुटलेला दिसत नाही. इतके सुबक मथळे मी कुठल्याच कार्यालयात पाहिले नाहीत. ज्याने केले त्याचं कौतुक करा.” दुसऱ्या कागदावर त्यांनी झर्रकन लिहिलं, सही ठोकली, आणि उठल्या.

“पण बाई, खालच्या ओळी...”

“ओळी तुम्ही बघायच्या. मी सही केलेला कागद मी पुन्हा बघत नाही. काही असेल तर पुढच्या भेटीत.”

“पुढची भेट कधी?”

“पुढच्या वर्षी,” बाई जिन्यातून म्हणाल्या. गाडी गेली.

मग साहेबांनी पहिल्यांदाच कागदांच्या खालच्या ओळी वाचल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा झाला, आणि स्वतःच्या ओळीतल्या ‘मालक: पत्नी’पाशी आल्यावर नेहमीच्या रंगावर आला.

‘कर्मचारी’ मथळ्याच्या कागदावर बाईंच्या घोटीव अक्षरात हुकूम होता: ‘काम समाधानकारक. वरील सर्वांना कायम करावे.’ वरील सर्व म्हणजे कवळी, कुबडी, तुतारी, एका पायाचा बूट. आणि अगदी शेवटी, आज सकाळीच नोंद झालेली: काळी छत्री, मुठीला पांढरा दोरा. नेमणुकीचे ठिकाण: ड्रायव्हरमागची सीट. शिफारस: चांगल्या अवस्थेत, ठेवावी.

आणि ‘सापडलेली वस्तू’ मथळ्याच्या कागदावर, जिथे साहेबांपासून चुळबुळ्यापर्यंत सगळं कार्यालय पडलेलं होतं, तिथे: ‘ओळख पटवून मालकाच्या ताब्यात द्यावे. मालक न आल्यास लिलाव.’

चुळबुळ्याला रडूच कोसळलं असतं. अख्खं वर्ष त्याने या एका सहीसाठी काढलं होतं, आणि ती सही झाली होती, कवळीसाठी!

“साहेब, हे रद्द नाही होणार?”

“लेखी हुकूम आहे,” साहेब हताशपणे म्हणाले. त्यांनी उभ्या आयुष्यात लेखी हुकूम मोडला नव्हता. “मुदत वाढवतो तुझी वर्षभर. तेवढं माझ्या हातात आहे. बाकी...”

“बाकी हुकमाप्रमाणे व्हायला हवं!” दारातून ताई म्हणाल्या. ‘मालक: रिकामं’ त्या अजून विसरल्या नव्हत्या. “लिलाव माझा होणार आहे, साहेब. तर ह्या चुळबुळ्यालाही असं मोकळं सोडता येणार नाही. मालकाने येऊन, ओळख पटवून, सही करून न्यायचा!”

“आणि माझी छत्री?” मागून सासरे म्हणाले. ते जिना चढून वर आले होते. एका हाताने त्यांनी छत्री छातीशी धरली होती. काकांनी ती डोंगरातून शोधून काढली होती.

ताईंनी ती अलगद त्यांच्या हातातून काढून घेतली.

“ही आता कायम कर्मचारी आहे, आजोबा. अशी कुणाच्याही हाती देता येत नाही. राजीनामा दिला तरच.”

“छत्री राजीनामा कसा देणार?”

“ते तिने बघायचं.”

संध्याकाळी चुळबुळ्याची बायको आली. बापाने फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं, “ये आणि आपली वस्तू ओळखून घेऊन जा.” ती आपली छत्रीच समजून आली. ताईंनी वही उघडली.

“वस्तू ओळखता का?”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. कल्ले नाहीत, घाम आलेला, आणि अशा वेळीसुद्धा एका हाताने काउंटरवरचं टेपचं रीळ सरळ करत होता.

“ओळखते,” ती म्हणाली.

“काही खूण?”

“एका जागी राहत नाही.”

“कितपत मोडकी?”

बायकोने पेन उचललं. “चालतंय,” ती म्हणाली, आणि सही केली. चुळबुळ्याला त्या एका शब्दाने इतकं बरं वाटलं, की त्याने टेपचं रीळ आहे तसं तिरकंच राहू दिलं.

तिघं घरी निघाले. ऊन अजून कडक होतं आणि सासरे डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालले होते. चुळबुळ्या मागून, पावलं मोजल्यासारखा. दारातच शेजारच्या वहिनी उभ्या, हातात पेढ्यांचा पुडा.

“काय मग? झालं ना एकदाचं? कायम झालं ना घरातलं माणूस?”

चुळबुळ्या जमिनीकडे बघायला लागला. बायको पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. जन्मात कधी खोटं न बोललेले मुख्याध्यापक तेवढे पुढे झाले, आणि त्यांनी पुड्यातला एक पेढा उचलला.

“झालं,” ते म्हणाले. “माणूस नाही, छत्री. पण घरातलीच आहे.”